रोपांच्या मांडणीवरील दिवे : झोताचा कोन कसा निवडावा

जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. कै. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी स्थापन केली. बियाणे क्षेत्रातील कार्याबद्दल १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणे महाग असल्याने ट्रेमधील एकेक रोप मोलाचे असते. शेडनेटमध्ये सूर्यप्रकाश पुरेसा मिळतो. तेथे दिव्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. परंतु बंद खोलीत मांडणीच्या कप्प्यांवर रोपे वाढवावयाची असल्यास दिवा हाच रोपांचा सूर्य होय. तो निवडण्यात चूक झाली, तर कप्प्याच्या मधली रोपे काटक होतात व कडेची लांबट, किडकिडीत होऊन मान टाकतात.

झोताचा कोन म्हणजे काय?

एल.ई.डी. दिव्याच्या वेष्टनावर ६०, ९० किंवा १२० अंश असा आकडा असतो. दिव्याच्या बरोबर समोर प्रकाशाचा जोर सर्वांत अधिक असतो. दोन्ही बाजूंस हा जोर जेथे निम्मा होतो, त्या दोन दिशांमधील कोन म्हणजे झोताचा कोन होय. दिवा रोपांच्या शेंड्यापासून १ फूट उंच टांगला असता ६० अंशांच्या झोताचे वर्तुळ सुमारे १४ इंच, ९० अंशांचे २ फूट व १२० अंशांचे सुमारे साडेतीन फूट रुंद पडते. उंची दुप्पट केल्यास वर्तुळही दुप्पट रुंद होते. मात्र एकट्या लहान दिव्याखाली मध्यभागीचा प्रकाश एकचतुर्थांश उरतो.

वर्तुळाच्या रुंदीवर भुलू नये

कडेकडे जाणारा प्रकाश मुळातच कमी जोराचा असतो. शिवाय तो अधिक अंतर कापून येतो व पानांवर तिरपा पडतो. त्यामुळे वर्तुळाच्या कडेस मध्याच्या मानाने ६० अंशांच्या दिव्याचा सुमारे एकतृतीयांश, ९० अंशांच्या दिव्याचा एकषष्ठांश व १२० अंशांच्या दिव्याचा केवळ सोळावा हिस्सा प्रकाश पोहोचतो. म्हणजेच साडेतीन फुटांचे वर्तुळ पडले तरी तेवढ्या जागेत रोपे सारखी वाढणार नाहीत. १ फूट उंचीवरील १२० अंशांच्या दिव्याखाली मध्यापासून ६ इंचांपर्यंतच प्रकाश दोनतृतीयांशाच्या आसपास टिकतो.

निवड कशी करावी?

कप्प्यांत दिवा १ ते दीड फूट उंचीवर असतो. तेथे १२० अंशांचे दिवे किंवा नळ्या घ्याव्यात व दोन दिव्यांमधील अंतर त्यांच्या उंचीहून अधिक ठेवू नये. शेजारच्या दिव्यांचे प्रकाश एकमेकांत मिसळून उणीव भरून निघते. ६० अंशांचा एकच दिवा लावल्यास सुमारे २१ इंच लांबीच्या नेहमीच्या ट्रेची दोन्ही टोके अंधुक राहतात. उंच छताच्या खोलीत ५–६ फुटांवरून प्रकाश द्यावयाचा असेल, तर मात्र ६० अंशांचा दिवा योग्य. रुंद झोताचा बराच प्रकाश तेथे भिंतींवर वाया जातो. भिंतींस चुना द्यावा व कप्प्याच्या बाजूंस पांढरा कागद लावावा. म्हणजे कडेस गेलेला प्रकाश रोपांकडे परततो.

पडताळणी

दिवे खरेदी करताना प्रथम एकाच कप्प्यापुरते आणावेत. पानांच्या उंचीवर भ्रमणध्वनी सपाट ठेवून त्यातील प्रकाशमापकाने कप्प्याचा मध्य, चार कोपरे व चार कडा येथील आकडे लिहून घ्यावेत. सर्वांत कमी आकडा मध्याच्या दोनतृतीयांशाहून कमी भरल्यास दिवे जवळजवळ लावावेत किंवा थोडे उंच न्यावेत. पांढऱ्या व गुलाबी दिव्यांच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करू नये.

ट्रे एक दिवसाआड फिरवून कडेचा ट्रे मध्ये घ्यावा. दिवे रोज १४ ते १६ तासच ठेवावेत. टोमॅटोच्या रोपांना अहोरात्र प्रकाश मानवत नाही. रोपे वाढतील तसे दिवेही वर उचलावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मोजणी एका कप्प्यावर शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावी. मध्य व कोपरा यांच्या आकड्यांतील फरक एकदा पाहिला, म्हणजे केवळ मध्यभागी लखलखणारा दिवा कोणी घेणार नाही.