या आठवड्याचा सल्ला : जुन्या गाडीचे आणि ट्रॉलीचे दिवे – बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा



आज पिकाचा सल्ला नाही, गाडीचा आहे. थंडीत दिवस लहान. भाजीचा माल रात्री भरून पहाटे बाजारात पोचवायचा असतो, उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात आणि त्यात पहाटेचं धुकं. पुढचा दिवा गेला की ड्रायव्हरला लगेच कळतं. मागचा गेला तर त्याला कळतच नाही. ते कळतं मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला, आणि तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून हा मेसेज थोडा मोठा आहे. सवडीने वाचा, आणि गाडी चालवणाऱ्या मुलाला, ड्रायव्हरला नक्की पाठवा. यातली बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी, कमी खर्चात होते.

*१) आधी एवढं समजून घ्या*

विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही तर आपण लगेच ती बाहेर काढतो का? नाही. आधी लाईट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबलचे जोड. मोटार सगळ्यात शेवटी. गाडीच्या दिव्यांना हाच क्रम लावायचा. आपण मात्र उलटं करतो. दिवा गेला की बल्ब आणतो, तो लागला नाही की दुसरा आणतो, आणि मग "वायरिंगच गेलं" म्हणून गाडी तशीच चालवतो.

करंटचा रस्ता असा : बॅटरी – फ्यूज – स्विच – वायर – बल्ब, आणि बल्बमधून गाडीच्या लोखंडी बॉडीवाटे परत बॅटरीच्या मायनसला. या परतीच्या वाटेलाच अर्थिंग म्हणतात. ठिबकच्या नळीत पाणी नुसतं पुढे जातं, इथे करंटला परत यावंच लागतं. जुन्या गाडीत ही परतीची वाट गंज, रंग आणि चिखलाने अडते. नव्या बल्बनेही दिवा लागत नाही त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

शेतीच्या गाड्यांना हा त्रास जास्त. आपण त्यातून खत नेतो, फवारणीचे ड्रम नेतो, आणि वर प्रेशरच्या पाण्याने धुतो. खताचा ओलसर थर लोखंड आणि तांबं दोन्ही खातो.

*२) जवळ काय असावं*

– टेस्ट लॅम्प : १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन वायरी. एका वायरीला चिमटा, दुसरीला टोकदार पिन. एक वायर गाडीच्या लांबीएवढी ठेवा.
– पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, व्हॅसलिन.
– योग्य अँपिअरचे दोन-चार जादा फ्यूज आणि एकेक जादा बल्ब.

घरातल्या लाईटचा टेस्टर इथे चालत नाही. तो १२ व्होल्टला पेटत नाही, म्हणून "करंटच नाही" असा गैरसमज होतो. आणि हा टेस्ट लॅम्प फक्त दिव्यांच्या वायरींना लावा. एअरबॅग किंवा इंजिन कंट्रोलच्या वायरींना अजिबात लावू नका.

*३) लक्षणावरून जागा ओळखा*

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावा आणि एकेक दिवा लावून बघा. सोबत एक माणूस असला तर उत्तमच.

– एकच दिवा बंद, बाकी ठीक : बल्ब, होल्डर किंवा त्याच दिव्याचं अर्थिंग. फ्यूजकडे जाऊ नका. (काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगळे फ्यूज असतात, तेवढं बघून घ्या.)
– दोन्ही बाजूंचे ब्रेक लाईट बंद : फ्यूज किंवा ब्रेक पेडलचा स्विच. दोन्ही बल्ब एकाच दिवशी जाण्याची शक्यता कमी.
– सगळेच दिवे मंद : बॅटरीची टर्मिनल्स, चार्जिंग, किंवा बॅटरीपासून बॉडीला येणारी जाड मायनस केबल.
– एक लावला की भलताच लागतो : अर्थिंग. थेट मुद्दा ५ वाचा.
– खड्ड्यात गेलं की लागतो-विझतो : ढिला होल्डर, ढिला सॉकेट किंवा तुटत आलेली वायर.

*४) बल्ब आणि होल्डर*

बल्ब काढून उजेडात धरा. तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली असेल तर बल्ब गेला. शंका असेल तर चालू बाजूचा बल्ब काढून इकडे लावा. लागला तर प्रश्न मिटला.

मागच्या दिव्यात बहुतेक वेळा २१/५ वॅटचा दोन तारांचा बल्ब असतो : ५ वॅट टेल लाईटला, २१ वॅट ब्रेकला. याच्या बाजूच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर असतात. बल्ब बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. उलटा बसवला तर टेल लाईट ब्रेकसारखा लख्ख पेटतो आणि ब्रेक दाबल्यावर मागच्याला फरक कळत नाही.

मग होल्डर बघा. आत हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर तो तांब्या-पितळेचा गंज. स्विच बंद करून पॉलिश पेपरने घासा, दबलेली पट्टी हळूच वर करा, बल्ब बसवण्याआधी व्हॅसलिनचा हलका हात फिरवा. दिव्याच्या काचेचं रबर फाटलेलं असेल तर ते बदला, नाहीतर पुढच्या धुण्यात पुन्हा पाणी शिरेल.

*५) अर्थिंग – आजचा मुख्य धडा*

एक उदाहरण घेऊ. पिकअपचा टेल लाईट चालू आहे. ब्रेक दाबला की त्या बाजूचा टेल लाईट उजळण्याऐवजी मंद होतो आणि इंडिकेटर मिणमिणायला लागतो. मालक म्हणतो वायरी एकमेकांना चिकटल्या. खरं तर चिकटलेलं काहीच नसतं. त्या दिव्याची परतीची वाट बंद आहे, म्हणून करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. भरलेल्या चारीचं तोंड बुजलं की पाणी शेजारच्या वाफ्यात शिरतं, तसंच.

खात्री अशी करा :

पहिली पायरी. दिव्याचा स्विच चालू ठेवा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला, पिन त्या दिव्याच्या होल्डरमधल्या टोकाला. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला म्हणजे करंट इथपर्यंत येतोय. नाही पेटला तर दोष मागे आहे : वायर, स्विच किंवा फ्यूज.

दुसरी पायरी. करंट येतोय, बल्ब चांगला आहे, तरी लागत नाही? एक सुटी वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या लोखंडी भागाला किंवा त्याच्या अर्थिंगच्या वायरीला लावा. दिवा लागला तर अर्थिंग खराब, शंभर टक्के. ही वायर प्लसला चुकूनही लावू नका.

मीटर असेल तर दिवा चालू ठेवून त्याच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजा. ते शून्याच्या जवळ हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वाट अडली आहे.

दुरुस्ती : अर्थिंगचा स्क्रू काढा. खालचा रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करा. वायरीचं टोक काळं असेल तर कापून नवीन लग लावा. दाते असलेला वॉशर टाकून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आवळल्यानंतर लावायचं, म्हणजे ओल आत जात नाही. पत्राच सडला असेल तर त्या दिव्यापासून चॅसीच्या चांगल्या जागेपर्यंत वेगळी वायर ओढा.

*६) फ्यूज वारंवार जात असेल तर*

गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज एकदा टाकून बघा. पट्टीच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. पुन्हा गेला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे.

अशा वेळी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका. फ्यूज स्वतः जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याला जळू दिलं नाही तर वायर जळते, आणि वायरीच्या शेजारी डिझेलची नळी असू शकते.

शोधायची पद्धत : त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढा, ट्रॉलीचा प्लग काढा. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्पची दोन टोकं लावा आणि स्विच चालू करा. बल्ब काढले आहेत, म्हणजे टेस्ट लॅम्प विझलेला हवा. पेटला तर वायर टेकली आहे. आता वायरी एकेक करून हलवा. ज्या जागी टेस्ट लॅम्प विझेल तिथे दोष. चॅसीच्या कडा, डाल्याची बिजागरी, दिव्यामागचं भोक आणि उंदरांनी कुरतडलेली जागा आधी बघा. गाडी धान्याजवळ किंवा कडब्याजवळ उभी राहत असेल तर उंदरांचा संशय पहिला.

*७) ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांसाठी खास*

बऱ्याच ट्रॉल्यांना अर्थिंगची वेगळी वायर नसते. परतीचा करंट हुकातून आणि पिनमधून येतो. तिथे ग्रीस, गंज आणि ढिलेपणा. म्हणून दिवे खड्ड्यागणिक लागतात-विझतात. उपाय एकच : अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढा, ट्रॉलीच्या चॅसीपासून सॉकेटमधून थेट ट्रॅक्टरपर्यंत.

७ पिनांच्या सॉकेटवर बारीक आकडे असतात. आंतरराष्ट्रीय पद्धत अशी : १ डावा इंडिकेटर, ३ अर्थिंग, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. पण प्रत्येक मिस्त्री हे पाळतोच असं नाही. दुसऱ्याची ट्रॉली जोडली की एकदा सगळं लावून बघा. ट्रॉली सोडल्यावर प्लग मातीत लोळू देऊ नका, वर अडकवा.

*८) इंडिकेटर, ब्रेक आणि हेडलाईट*

इंडिकेटर एका बाजूला भरभर मारत असेल, किंवा लागून राहत असेल, तर आधी त्या बाजूचे बल्ब बघा. जुन्या फ्लॅशरला बल्बचा ठराविक भार लागतो, बल्ब गेला की त्याची चाल बिघडते. एलईडी बल्ब टाकल्यावरही असंच होतं. दोन्ही बाजू बिघडल्या तर फ्लॅशर तपासा.

ब्रेक लाईटसाठी पेडलजवळचा स्विच शोधा. काही जुन्या गाड्यांत तो ब्रेक ऑईलच्या लाईनवर असतो. स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा. ब्रेक लाईट लागले तर स्विच गेला.

हेडलाईट मंद असेल तर जास्त वॅटचा बल्ब टाकू नका. साधा ६०/५५ वॅटचा बल्ब अप्परला सुमारे ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०. त्याजागी १०० वॅटचे दोन टाकले तर सुमारे १७ अँपिअर होतात. जुना स्विच आणि बारीक वायर ते सोसत नाहीत, स्विच वितळतो. त्याऐवजी जोड आणि अर्थिंग साफ करा, आणि मिस्त्रीकडून रिले बसवून घ्या. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताच्या तेलाने तो लवकर जातो.

*९) कामाआधीची काळजी*

वायर कापायची किंवा जोडायची असेल तर आधी बॅटरीची मायनस केबल काढा, काम झाल्यावर ती शेवटी लावा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसापर्यंतच टिकतो. जोड लग दाबून किंवा डाग देऊन करा आणि वर स्लीव्ह चढवा. वायर गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर गाडी तशीच बंद ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा.

*१०) निघण्याआधी दोन मिनिटं*

टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा. एकटे असाल तर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, भिंतीवरचा उजेड आरशात दिसतो. काचा फडक्याने पुसा. उसाची वाढी किंवा ताडपत्री दिव्यांवर लोंबत नाही ना, बघा. मागे लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर टेप लावा. ती दिव्याची जागा घेत नाही, पण दिवा अचानक गेला तर तेवढाच आधार. वाटेत दिवा गेलाच तर गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा आणि दुरुस्ती झाल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका.

माल एक दिवस उशिरा पोचला तर भावात थोडं नुकसान होईल. ते पुढच्या तोड्यात भरून निघतं. अंधारातल्या ट्रॉलीवर आदळलेला माणूस कुठल्याच हंगामात भरून निघत नाही.

शंका असेल तर दिव्याचा आणि होल्डरचा फोटो याच नंबरवर पाठवा. पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे पिकाचा सल्ला.

आपला,
कृषी सल्लागार