मेंदूच्या वळ्या आणि बाळाची बुद्धी



‘ज्याच्या मेंदूला वळ्या जास्त, त्याला अक्कल जास्त’ असे आपण अनेकदा ऐकतो. त्यात खरे किती, ते या वेळी पाहू.

मेंदूचा बाहेरचा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीचा असतो. पाहणे, बोलणे, आठवणे, विचार करणे ही कामे याच थराच्या जोरावर चालतात. हा थर पसरला तर वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाएवढा भरेल. तेवढे पान तांब्यात बसवायचे तर चुरगळावेच लागेल. मेंदूतही तसेच होते. थराचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांत दडलेला असतो. त्यामुळे कवटी लहान असूनही जागा पुरते आणि मेंदूचे भाग एकमेकांच्या जवळ राहतात.

मग वळ्यांवरून हुशारी ठरते का? नाही. हत्ती आणि डॉल्फिन यांच्या मेंदूला माणसापेक्षाही जास्त वळ्या असतात. इंग्रजांच्या काळात रिस्ले यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी डोकी आणि नाके मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अशाच मोजमापांचे आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, हे दाखवून दिले. बुद्धी कोणा एका जातीची मिरास नाही.

जपायचे आहेत ते पोटातले महिने. पाचव्या महिन्यापर्यंत बाळाचा मेंदू जवळपास गुळगुळीत असतो. शेवटच्या तीन महिन्यांत वळ्या झपाट्याने पडतात. आपल्या शहापूर-मुरबाडच्या कितीतरी भगिनी याच दिवसांत भातलावणीला किंवा वीटभट्टीवर राबतात. म्हणून घरातल्या सर्वांनी एवढे करावे:

• दिवस राहताच आशाताईंकडे नाव नोंदवा. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चुकवू नका.
• आयोडीनयुक्त मीठच वापरा. डाळ, अंडी, सुकट, नाचणी, शेवग्याचा पाला जेवणात असू द्या. गरोदर बाईला शेवटी उरलेले वाढू नका.
• दारू पाचव्या शीलाने वर्ज्यच आहे. तंबाखू आणि मिश्रीही सोडा.
• भट्टीवर जाताना माता-बाल कार्ड सोबत न्या. जड ओझी उचलू देऊ नका.
• अंगावरून रक्त जाणे, सतत डोकेदुखी, तोंडावर सूज, नऊ महिने भरण्याआधी कळा यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा.

मुख्य वळ्या घेऊनच बाळ जन्माला येते. पुढे त्या मेंदूत नवनवी जोडणी होते ती बाळाशी बोलण्याने, खेळण्याने आणि शिकवण्याने. शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, पण शिक्षणाची तयारी आईच्या ताटापासूनच करायची आहे.