निंबावर कोण चढले?

रिसोड,
ज्येष्ठ शुद्ध दशमी

चि. बाळू यास काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण आनंदाचे नाही, आणि क्षेमकुशल विचारत बसण्याइतके माझे मन आज स्वस्थही नाही. परवा बाजारात आपला मळा वाट्याने करणाऱ्यांच्या थोरल्या मुलाने मला बाजूला घेऊन सांगितले की, खालच्या मळ्यातील निंबावर शिकऱ्याचे जे घरटे होते त्यातील एक पिल्लू अकोल्यास तुझ्या खोलीवर आहे, त्याच्या पायांत तू चामड्याच्या वाद्या बांधल्या आहेस, आणि अरबस्तानातील ससाण्यांची चलच्चित्रे मोबाइलवर पाहून त्याला हातावर बसवण्याचा अभ्यास चालवला आहेस. ऐकीव वार्तेवर विसंबू नये असे मी तीस-पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो. म्हणून काल पहाटे स्वतः मळ्यात जाऊन खातरजमा केली. घरट्याची काटक्यांची बैठक जागच्या जागी आहे, दोन पिल्ले फांदीवर सरकून बसलेली आहेत, तिसरे नाही. त्या निंबाचा बुंधा पहिल्या फांदीपर्यंत दोन पुरुष उंच आहे. सातवीत असताना तू त्यावरून पडलास, डावा हात मोडलास, आणि दादांनी तुला देवघरासमोर शपथ घातली. ती तू मोडली नसशील याची मला खात्री आहे. मग निंबावर कोण चढले, बाळू?

उत्तर मला ठाऊक नाही असे समजू नकोस. नदीपलीकडच्या बेड्यावरचे फासेपारध्याचे एक पोर त्या दिवसांत मळ्यात दोनदा दिसले, असे वाटेकरी सांगतात. तू त्याला किती रुपये दिलेस ते मी विचारत नाही. पक्षी, हौस, कायदा या सर्वांविषयी पुढे लिहिणार आहे. परंतु या पत्रातला माझा खरा जीव त्या पोरात गुंतलेला आहे, हे तू आरंभीच लक्षात घ्यावेस.

शिकारी पक्षी हातावर वागवण्याच्या विद्येची तुला ओढ वाटली याबद्दल मी तुला दोष देत नाही. ती हीन विद्या नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात जो ‘मानसोल्लास’ सिद्ध केला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोदाला स्वतंत्र स्थान आहे, कुमाऊंच्या रुद्रदेवाचे ‘श्यैनिकशास्त्र’ याच विषयाला वाहिलेले आहे, अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही शिकारी पक्ष्यांचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसांचा तपशील दप्तरी शिस्तीने नोंदवला आहे, आणि शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना होताच. बाज म्हणजे मादी आणि जुर्रा तिचा नर. बहिरी, शाहीन, लग्गड, तुरमती, बाशा. आणि सर्वांत लहान मानाचा तुझा हा शिकरा, ज्याच्या नराला पक्षी शिकवणारे मीरशिकार लोक चिपका म्हणत. शिकरा लवकर माणसाळतो, लावे आणि तितर यांवर सोडता येतो, म्हणून नवशिक्याच्या हाती आधी तोच देत, आणि मोठ्या मानाच्या ससाण्यांच्या खाण्याची बेगमीही पुष्कळदा त्याच्याच शिकारीवर होई. भावनगरच्या राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजींनी ससाणे हातावर वागवले आणि सौराष्ट्रातील पक्ष्यांवर मोलाचा ग्रंथही लिहिला. ही सारी माहिती मी तुला दादांच्या ओटीवर रात्री सांगत असे, तू डोळे विस्फारून ऐकत असस, आणि आज मला असे वाटून गेले की हे बीज माझ्याच हातून पडले असेल.

पण त्या कथांमधला एक भाग तुझ्या मनात ठसलेला दिसत नाही. मीरशिकाराचे पोर बापाच्या मागे वर्षानुवर्षे पक्ष्याची विष्ठा झाडीत आणि मांस तोलीत हिंडे, तेव्हा कोठे त्याच्या मनगटावर पक्षी येई. आजही जेथे ही कला राजमान्य आहे तेथे उमेदवारीची अट सुटलेली नाही. अमेरिकेत नवशिक्याने लेखी परीक्षा द्यावी, पक्ष्याच्या निवाऱ्याची तपासणी करून घ्यावी, आणि जाणत्या परवानाधारकाच्या हाताखाली किमान दोन वर्षे काढावीत, तेव्हा त्याची पुढली पायरी येते. २०१० साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, हे तू मित्रांना अभिमानाने सांगतोस असे कळले. ते खरेच आहे. परंतु तो मान गुरूकडून शिष्याकडे चालत आलेल्या परंपरेला दिलेला आहे, आणि तू चित्रांत पाहतोस त्या आखातातील ससाण्यांमागे माणसांच्या रुग्णालयासारखी सुसज्ज पक्षिरुग्णालये उभी आहेत. तुझ्यामागे कोण उभे आहे? खोलीवरचा तुझा सोबती आणि चौकातला कोंबडीचा खाटीक.

तू त्याला काय खाऊ घालतोस? नुसते कोंबडीचे मऊ मांस घालत असशील तर हे पत्र वाचून होताच ते बंद कर. निंबावर त्याचे आई-बाप सरडे, उंदीर, चिमण्या हाडापिसांसह भरवतात. त्यातून पिल्लाला चुना मिळतो, आणि न पचलेली पिसे व केस गोळी होऊन तोंडावाटे पडतात, तेव्हा पोट साफ राहते. हाडांशिवाय वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकतात आणि मग त्याला उभेही राहवत नाही. कबुतराचे मांस स्वस्त पडते म्हणून घालशील, तर त्यातून घशाचा एक रोग जडतो, घास गिळता येईनासा होतो आणि थोड्याच दिवसांत खेळ आटोपतो. पक्षी हातावर यावा म्हणून त्याला भुकेला ठेवतात, हे तू पाहिले आहेस. पण ती भूक तराजूवर रोज तोलावी लागते, आणि दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाच्या जिवाला पाच-दहा ग्रॅमचा फरक म्हणजे जगणे आणि मरणे यांतला फरक आहे, हे त्या चित्रांत कोणी सांगत नाही. शिवाय या वयात पिल्लू ज्याच्या हातून घास घेते त्यालाच आपले गोत्र समजू लागते. ते तुला पाहून चोच वासून ओरडत असेल आणि तुला ती माया वाटत असेल. ती मायाच आहे, बाळू, म्हणूनच ती त्याचा घात करील, कारण असे पिल्लू मोठे होऊनही माणसामागे ओरडत राहते आणि रानात सोडले तर आपले आपण जगू शकत नाही.

आता कायद्याविषयी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये शिकऱ्यासारखे शिकारी पक्षी पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना धरणे, बाळगणे, विकत घेणे हे सारे फौजदारी गुन्हे आहेत, आणि या अनुसूचीतील प्राण्यांबाबत शिक्षा तीन वर्षांहून कमी नाही व सात वर्षांपर्यंत जाते, दंड वेगळा. तू कृषी विद्यापीठात शिकणारा, चांगल्या घरचा, नम्र बोलणारा मुलगा आहेस. उद्या झडती झाली तर तुझ्यासाठी वकील उभा राहील, दादा जामीन राहतील, ओळखीचे चार लोक कोणाचा तरी मुलाहिजा धरतील. परंतु पहिलाच प्रश्न होईल की निंबावर कोण चढले, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर कागदावर शिकारी म्हणून जे नाव पडेल ते तुझे नसेल. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची वाट काढली, त्यांत पुढे पारधीही गोवले गेले; १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण त्याची सावली बेड्यावरून अजून उठलेली नाही. त्यांच्या दारात सरकारी गाडी उभी राहिली की बायका पोरांना छातीशी धरतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

येथे मला एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी मी दादांनाही सांगितली नाही. मी मॅट्रिकला असताना त्याच बेड्यावरचा एक वृद्ध पारधी आपल्या मळ्यात उतरत असे. मुठीआड तोंड धरून तो तितराची साद अशी घाली की काटेरी झुडपांतून रानचा तितर उत्तर देत देत थेट फासाजवळ येई. कोतवाल पक्षी शिकऱ्याचा आवाज काढून इतरांना भिववतो आणि त्यांचे भक्ष्य लाटतो, हे मला त्यानेच दाखवले. आणि शिकऱ्याचे घरटे असलेल्या झाडाखाली फास मांडायचा नाही असा त्याचा स्वतःचा दंडक होता. आपल्याबरोबर पहाटे रानात चल, सारे शिकवतो, असे तो मला कितीदा म्हणाला. मला परीक्षा होती, नंतर कॉलेज होते, आणि त्या विद्येची एक ओळही मी उतरवून घेतली नाही. पुढे एका दूरच्या गावी चोरी झाली आणि त्याला धरून नेले. चोरीच्या रात्री तो आपल्या मळ्यात शेकोटीपाशी होता आणि मी त्याच्याजवळ बसलो होतो. मला कोणी विचारले नाही, आणि मी आपण होऊन जबानी द्यायला गेलो नाही. थोरांच्या कामात पोरांनी पडू नये असे मी मनाशी म्हणालो. तो काही महिन्यांनी सुटून आला, पण पुन्हा आपल्या मळ्यात उतरला नाही. रस्त्यात भेटला तर रामराम करी आणि पुढे जाई. त्या रामरामाचे ओझे मी पन्नास वर्षे वाहतो आहे. तुझ्या वाट्याला तसला रामराम येऊ नये, एवढ्याच भयाने मी काल रात्री झोपलो नाही.

मी फार कठोर लिहिले असेन. तुझी आई म्हणते तू अलीकडे जेवणावर लक्ष देत नाहीस. पक्ष्याच्या वेळापत्रकाने तुझेही जेवण चालले असावे. त्या जिवासाठी तू रात्री उठत असशील, ऊन लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट लावले असशील, हे मी तुला ओळखतो म्हणून जाणतो. ज्याला पाखराची एवढी काळजी करता येते त्याच्याविषयी मला निराशा नाही. फक्त त्वरा कर. निंबावरची भावंडे अजून उडून गेलेली नाहीत, आई-बाप अजून घास आणतात. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात ही समजूत खरी नाही, आणि वेळेत परत ठेवलेले पिल्लू ते पुन्हा भरवू लागतात. आठवडा गेला तर ही वाट बंद होईल. मग वनविभागामार्फत नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील उपचार केंद्रात त्याला न्यावे लागेल, आणि तेथील लोक कितीही निष्णात असले तरी ते निंबावरच्या आईची बरोबरी करू शकणार नाहीत.

तेव्हा माझी तजवीज अशी आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तू स्वतः कळव. मी तुझ्यासोबत कचेरीत येईन. कैफियत तुझ्या हाताने आणि तुझ्या नावाने लिही. ‘पिल्लू माझ्या सांगण्यावरून व माझ्या पैशाने काढले गेले’ हे वाक्य सर्वांत आधी येऊ दे. चढणाऱ्याविषयी विचारले तर खोटे बोलू नकोस, पण ‘तो लहान आहे आणि त्याला मी भुलवले’ हेही त्याच दमात सांग. जे परिणाम होतील ते आपण दोघे मिळून सोसू. तुझ्या वतीने बोलायला मी आहे, त्या पोराच्या वतीने बोलायला मात्र तूच आहेस.

आणि पाखरांची हौस मुळीच सोडू नकोस. माझी जुनी दुर्बीण तुझीच समज. हिवाळ्यात आपण कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात जाऊ. तेथे उत्तरेकडून भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात आणि गवतावरून इतके खाली तरंगत जातात की त्यांची सावली आणि ते एकमेकांना शिवतील असे वाटते. मूठभर वजनाचे अमूर ससाणे नागालँडहून निघून आपल्या महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेत पोचतात; २०१३ साली त्यांपैकी काहींच्या पाठीवर यंत्र बसवून शास्त्रज्ञांनी त्यांचा मार्ग पाहिला. हातावर दोरीने बांधलेल्या कोणत्याही पक्ष्यापेक्षा हा विषय थोर आहे, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षिशास्त्राचा अभ्यासक्रम तुला करायचा असेल तर शुल्क मी भरीन. कारंज्याची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन माळराने आणि तणमोर राखते. तेथे त्या पोराला घेऊन जा. जे त्याला उपजत दिसते ते तुला शिकता येईल, आणि जे तू पुस्तकात वाचतोस ते त्याला सांगता येईल. मला एकदा जे मिळत होते आणि मी घेतले नाही, ते तुम्हां दोघांना अजून घेता येईल.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघ. पिल्लाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी जुने सुती फडके घालून ठेव, वाद्या काढून टाक, वाटेत पाणी पाजू नकोस आणि झाकण सारखे उघडून पाहू नकोस. मी स्थानकावर असेन. वहिनींना यातले काही सांगितलेले नाही. ते तू आपल्या तोंडाने सांग, मी शेजारी बसेन. तुझ्या हातांवर नख्यांचे ओरखडे असतीलच. आज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घे, आणि घेतलेस की मला फोन कर, कितीही रात्र झाली तरी मी जागा असेन.

तुझा,
काका