जॉयस्टिकचा मधला खटका कसा काढावा

संगणकावर विमान उडवणाऱ्याला जॉयस्टिकचा दोष खरा कळतो तो उतरताना. शिर्डी विमानतळाची, म्हणजे काकडी गावची, २५०० मीटरची धावपट्टी समोर आहे, सेसना १७२ डावीकडे सरकते आहे आणि उजवीकडे केसभर झुकाव हवा आहे. हात दाबतो, पण स्टिक हलत नाही. आणखी जरा जोर दिला की ती खटकन सुटते आणि विमान नको तितकं कलंडतं. ते सावरायला उलट दाबावं, तर पुन्हा तोच खटका. अशा वेळी बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन डेड झोन वाढवतात. हा इलाज नव्हे, असं माझं ठाम मत आहे. डेड झोन वाढवला की मधल्या बारीक हालचालीची संगणक दखलच घेत नाही, आणि उतरताना नेमकी तीच लागते. दोष दांड्याच्या बुडाशी आहे आणि तो तिथेच काढायला हवा.

सामान आपल्या तिसगावात मिळण्यासारखं आहे. पाण्याच्या फिल्टरच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावतात, त्यामुळे आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे ते विचारावं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. हार्डवेअरच्या दुकानातून ६००, १००० आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर आणि एक मिलिमीटर जाडीचे दोन-तीन वायसर घ्यावेत. गॅरेजमध्ये चाकाच्या बेअरिंगला भरतात ते ग्रीस मात्र आणू नका. खनिज तेलाच्या ग्रीसने काही प्रकारच्या प्लास्टिकला कालांतराने चिरा पडतात.

पेच खोलण्याआधी रोग ओळखा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये गेम कंट्रोलर्स उघडा, कॅलिब्रेशनमध्ये जा आणि कच्चे आकडे दाखवणारी खूण करा. दहा बिटांच्या स्टिकला आकडे ० ते १०२३ असतात, म्हणजे मध्य ५१२ च्या आसपास येतो. थ्रस्टमास्टरची टी-१६००० एम चौदा बिटांची आहे, तिथे हेच आकडे १६३८३ पर्यंत जातात. आता स्टिक डावीकडून अगदी सावकाश मध्यावर आणून सोडा आणि आकडा लिहून ठेवा. मग तसंच उजवीकडून, पुढून आणि मागून करा. दोन्ही बाजूंनी येऊन वेगवेगळ्या आकड्यांवर थांबत असेल तर आत घर्षण आहे. दांडा बोटाने हलतो पण आकडा हलत नाही, याचा अर्थ सांध्यात खेळ आहे. हात न लावता आकडा नाचत असेल तर सेन्सर खराब आहे किंवा मळला आहे. आणि आकडा नीट, पण हाताला अडकल्यासारखं लागतं, तर तो खटका. चारही दोषांचे उपाय वेगळे आहेत. सगळं एकदम करायला गेलात तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

वॉरंटी चालू असेल तर खोलू नका, दुकानदाराकडे न्या. ती संपली असेल तर यूएसबीची वायर काढा, मोठी परात घ्या आणि सगळं काम परातीतच करा, म्हणजे निसटलेला पेच घरभर शोधावा लागत नाही. काही पेच तळाच्या रबरी पायांखाली लपलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा, विशेषतः वायरी कुठून कशा गेल्या आहेत त्याचा. स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून तिला अडवणारा भाग काढताना तळहाताने वरून धरून ठेवा आणि तोंड लांब ठेवा.

आता खटक्याची मूळ जागा. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो असो की टी-१६००० एम, अशा साध्या स्टिकमध्ये दांड्याभोवती एकच मोठी स्प्रिंग असते आणि ती एका गोल प्लेटला सपाट बैठकीवर दाबून धरते. दांडा कलला की जमिनीवर पालथी घातलेली ताटली एका कडेवर उचलावी तशी ती प्लेट उचलली जाते. टेकू एकदम कडेवर जातो, म्हणून सुरुवातीलाच जोर लागतो. हिशेब सोपा आहे. समजा स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब १ किलो आहे, प्लेटची कड दांड्याच्या मध्यापासून २ सेंटीमीटरवर आहे आणि हाताची पकड १५ सेंटीमीटर उंचावर. तर स्टिक जागची हलवायलाच सुमारे १३३ ग्रॅम जोर हवा. टेकू १ सेंटीमीटरवर आला तर तो ६७ ग्रॅमवर येतो. तेव्हा खटका कमी करायचा तर टेकू एकदम कडेला न जाता आतून बाहेर हळूहळू सरकला पाहिजे.

त्यासाठी प्लेटची खालची कड किंचित गोलसर करायची. आधी जुनं ग्रीस अल्कोहोलने पुसून काढा. प्लेटवर आणि बैठकीवर घासल्याची चकचकीत कडी दिसेल. तिथे नख फिरवा, ओरखडा किंवा उंचवटा नखाला लागतो. ६०० नंबरचा पेपर ओला करून फक्त कडेवर हलक्या हाताने गोल फिरवा, मग १००० आणि शेवटी २००० चा पेपर. मधला सपाट भाग सोडून द्या. तोही घासला गेला तर सेंटर उरणारच नाही, स्टिक मध्यावर लोंबकळेल. दर थोड्या वेळाने प्लेट आणि स्प्रिंग जागेवर बसवून, हाताने दांडा कलवून बघा. घासलेलं परत येत नाही, तेव्हा घाई नको.

नंतर प्लेटच्या घासणाऱ्या कडीवर सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ थर द्या की प्लास्टिकचा रंग खालून दिसला पाहिजे. सेन्सरवर ग्रीस जाऊ देऊ नका. आकडा नाचत असेल आणि सेन्सर पोटेन्शिओमीटरचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. हॉल सेन्सरमध्ये चुंबकामुळे काम होतं, काही घासत नाही, म्हणून तिथे फवारा मारायची गरज नाही.

खेळ असेल तर दांड्याच्या पिनेभोवती नळाच्या जोडाला लावतात त्या टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा पुरतो. स्प्रिंग सैल पडून स्टिक मध्यावर परतत नसेल तर स्प्रिंगखाली एक वायसर टाका. पण लक्षात घ्या, वायसरने दाब वाढतो आणि त्याबरोबर खटकाही. स्प्रिंग कापू मात्र नका. कापली की ती मऊ होते, हा समज चुकीचा आहे. वेढे कमी झाले की सुरुवातीचा दाब उतरतो, पण पुढे प्रत्येक मिलिमीटरला स्प्रिंग अधिक ताठ लागते. व्हीकेबी किंवा व्हर्पिलच्या महागड्या स्टिकमध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिथे कॅमवरून बेअरिंग फिरतं आणि कॅम बदलून हवा तसा सेंटर घेता येतो.

जोडणी झाली की स्टिक काही वेळ चारी बाजूंना फिरवा, मग कॅलिब्रेशन करा. मध्याचा आकडा घेताना हात पूर्ण सोडलेला हवा. आता डेड झोन शून्य करा आणि आकडा बघा. दहा बिटांच्या स्टिकवर तो ५०८ ते ५१६ मध्ये राहत असेल तर एक टक्का डेड झोन पुष्कळ झाला. त्याउपर मध्याजवळ मऊपणा हवा असेल तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये संवेदनशीलतेचा वक्र उणे २० पासून सुरू करा. दुरुस्तीआधी हा वक्र लावू नका, तो खटका फक्त झाकतो.

चाचणीसाठी शिर्डीहून उडून आग्नेयेला तिसगावकडे या. सरळ रेषेत साधारण ९० किलोमीटर, म्हणजे सेसनाला अर्धा तास. उजव्या हाताला मुळा धरणाचं पाणी, पुढे गर्भगिरीचे डोंगर. ठराविक उंचीवर ट्रिम लावा आणि नुसत्या दोन बोटांनी दिशा पाच-पाच अंशांनी बदलत राहा. खऱ्या विमानात हाताला जाणवणारा जोर हवेतून येतो, वेगाबरोबर वाढतो आणि ट्रिमने त्याचा मध्य सरकतो. घरच्या स्टिकचा मध्य सरकत नाही, म्हणून ट्रिम नीट लावल्याशिवाय सेंटर बरा की वाईट हे ठरवू नका. गावावरून वळून परत काकडीला उतरा. धावपट्टीच्या रेषेवर विमान डुलत असेल तर परात पुन्हा काढा आणि कड आणखी थोडी गोल करा.

महिनाभरात ग्रीस पसरून सगळं रुळतं, तेव्हा कॅलिब्रेशन एकदा पुन्हा करावं. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ दांड्याच्या रबरी झाकणाखाली शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून प्लेट घासते. म्हणून काम नसताना स्टिकवर सुती कापड टाकून ठेवा, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती एकदा उघडून जुनं ग्रीस पुसा, नवं लावा.