मानवी अंतराळयात्रा आणि लोकसंमती

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या दिवशी सायंकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा असंख्य लोकांनी पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे येऊन पडले आणि पवनपार परिसरात धातूचा एक गोळा आढळला. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या, म्हणजेच इस्रोच्या, शास्त्रज्ञांनी या वस्तूंची पाहणी केली. एका चिनी अग्निबाणाचे हे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले.

अंतराळ हा विषय अशा रीतीने थेट गावाच्या शिवारात उतरला. असे काही घडले की ग्रामस्थ प्रथम विचारतात ते शाळेतील गुरुजींना, सरपंचांना आणि तलाठ्यांना. त्यांच्यापाशी उत्तर असेल तर कुतूहलाचे ज्ञान होते. नसेल तर त्याची अफवा होते. आज देश मानवाला स्वबळावर अंतराळात पाठविण्याच्या तयारीत आहे. या कार्याला लोकांचा पाठिंबा कसा मिळवावा, याचा विचार म्हणूनच ग्रामपातळीपासून करावयास हवा.

खर्चाचा हिशेब

पाठिंबा मागण्यापूर्वी हिशेब मांडणे हे लोकशाहीतील पहिले कर्तव्य होय. 'गगनयान' योजनेची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचा तीत समावेश करण्यात आला आणि एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपये झाली. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर दरडोई सुमारे १४४ रुपये पडतात. हा खर्च अनेक वर्षांत विभागलेला आहे.

दोन हजार वस्तीच्या गावाचा वाटा या हिशेबाने सुमारे २ लाख ८८ हजार रुपये होतो. शाळेचे छप्पर गळत असलेल्या गावाला ही रक्कम लहान वाटणार नाही. "आमच्या छपराचे काय?" असा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारला, तर तो अडाणीपणाचा मानू नये. तो करदात्याचा प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळाले पाहिजे.

दोन निराळी कामे

येथे एक चूक नेहमी होते. अंतराळ कार्यक्रमाचे लाभ विचारले की आपण हवामानाचे अंदाज, दूरचित्रवाणी, भूजलाचे नकाशे यांची यादी वाचून दाखवितो. हे लाभ खरेच आहेत. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून उपग्रहांच्या चित्रांवरून राज्यातील जमीन, पाणी, वने व पाणलोट क्षेत्रे यांचे नकाशे तयार करीत आले आहे. परंतु ही सारी कामे मानवविरहित उपग्रह करतात. त्यांच्या श्रेयावर मानवी उड्डाणाची मागणी रेटणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही आणि चाणाक्ष श्रोत्याच्या ते ध्यानात आल्यावाचूनही राहणार नाही.

डॉ. विक्रम साराभाई यांची भूमिकाही हेच सांगते. मानवी उड्डाणात प्रगत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचा आपला हेतू नाही, समाजाचे प्रश्न सोडविण्यासाठी हे तंत्र हवे, असे त्यांनी स्पष्ट केले होते. तो पाया घातला गेल्यानंतरच पुढील पायरीचा विचार सुरू झाला.

मग मानवी उड्डाणाची कारणे कोणती? माणूस जिवंत परत आणावयाचा असल्याने प्रत्येक यंत्रभागाची विश्वासार्हता फार वरच्या दर्जाची ठेवावी लागते. श्वासासाठी हवा, तापमान आणि संकटकालीन सुटका यांच्या यंत्रणा देशातच सिद्ध कराव्या लागतात. या कौशल्याचा लाभ उद्योगांना मिळतो. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अग्निबाणांची विकास इंजिने बनतात आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तयार होतात. शिवाय भारहीन अवस्थेतील काही प्रयोगांना माणसाचा हात व माणसाची नजर लागते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला यांनी तेथे मूग व मेथीचे दाणे अंकुरित करण्याचा प्रयोग केला. मात्र या साऱ्याचे फळ उशिरा मिळणारे आहे आणि काही अंशी अनिश्चितही आहे. हेही सांगितलेच पाहिजे.

टाळ्या म्हणजे संमती नव्हे

जुलै १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा अमेरिकेत जल्लोष झाला. परंतु त्या दशकातील जनमत चाचण्या पाहिल्या, तर बहुतेक काळ निम्म्याहून अधिक लोकांना हा खर्च योग्य वाटत नव्हता असे दिसते. १९७० मध्ये पुढील चांद्रमोहिमा रद्द झाल्या आणि डिसेंबर १९७२ नंतर त्या शतकात कोणीही चंद्रावर उतरले नाही. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोव्हिएत यानातून अंतराळात गेले, तेव्हा आपल्याकडेही असाच आनंद उसळला होता. तो आनंद स्मरणात राहिला. तरी अंतराळस्थानकावर पुढचा भारतीय पोहोचेपर्यंत ४१ वर्षे गेली.

याउलट धिम्या, पण खोल कामाचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्या प्रयोगाच्या उभारणीत प्रा. एकनाथ चिटणीस व प्रमोद काळे या मराठी शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. गावांत राहून लोकांच्या गरजा व प्रतिक्रिया अभ्यासण्यासाठी समाजशास्त्रज्ञही नेमले होते. लोकांना सांगण्याइतकेच लोकांचे ऐकणेही महत्त्वाचे असते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

धोक्याविषयीही मोकळेपणा हवा. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथील सुटका यंत्रणेची चाचणी उड्डाणापूर्वी अवघी काही सेकंद थांबवावी लागली. सारा देश ते पाहत होता. दोष शोधून त्याच दिवशी चाचणी यशस्वी करण्यात आली. दोष उघड झाल्याने संस्थेवरील विश्वास वाढलाच. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर' यानाच्या अपघातात शिक्षिका ख्रिस्ता मॅकॉलिफ यांच्यासह सात जण मृत्युमुखी पडले आणि ते दृश्य अनेक शाळांतील मुलांनी प्रत्यक्ष पाहिले. असा प्रसंग कधीच येणार नाही, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

२३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. त्या दिवशी केवळ भाषणे न करता गावाचा उपग्रह-नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि आपले नाले, विहिरी, पडीक जमीन लोकांना ओळखावयास सांगावे. त्यानंतर मानवी उड्डाणाचा विषय त्याच्या खर्चासह स्वतंत्रपणे मांडावा आणि चर्चेला पुरेसा वेळ द्यावा.

शिक्षकांनी मुलांना पहाटे किंवा तिन्हीसांजेला शाळेच्या पटांगणावर न्यावे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अनुकूल दिवशी नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यात माणसे आहेत, एवढे सांगितले तरी मुलांचे प्रश्न सुरू होतात. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राची व तेथील तारांगणाची सहल याला पूरक ठरेल. ज्यांचे नाव या केंद्राला दिले आहे, ते सर चंद्रशेखर वेंकट रमण तरुणपणी काही काळ नागपुरात सरकारी लेखा खात्याचे अधिकारी होते. कचेरीचे काम आणि विज्ञानाची जिज्ञासा एकत्र नांदू शकतात, हे आपल्या अधिकारी बंधुभगिनींनी त्यांच्याकडून अवश्य घ्यावे.

लोकसंमती आदेशाने मिळत नाही. ज्या सभेत विरोधी प्रश्न विचारला गेला आणि त्याची टिंगल न होता त्याला आकड्यांनिशी उत्तर मिळाले, त्या सभेतून निघालेला होकार टिकतो. उत्तर ऐकूनही कोणी छपरालाच अग्रक्रम द्यावा असे म्हटले, तर तेही मत इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. माणूस अंतराळात पाठविणारा देश आपल्या गावातील माणसाचे ऐकतो, ही खात्री पटली तर लोक या कार्याला आपले म्हणतील.