रोजचे कथालेखन, घर आणि परसबाग

रोज कथा-कादंबरी लिहिणे, घर चालवणे आणि परसात किंवा गच्चीवर बाग राखणे ही तिन्ही कामे रोजची असली, तरी त्यांचा रोजपणा सारखा नसतो. घरकाम घड्याळाला बांधलेले असते: नळाला पाणी येण्याची वेळ, डबे भरण्याची वेळ, दूध आणि कचऱ्याची गाडी येण्याची वेळ. बाग ऋतूला बांधलेली असते. आठवडेच्या आठवडे तिचे झारीभर पाण्यावर भागते आणि मृगाचा पाऊस झाला की सगळे एकदम अंगावर येते. कथेला बाहेरून बांधून ठेवणारे काहीच नसते. ती न लिहिल्याने कोणी उपाशी राहत नाही, काही वाळत नाही. त्यामुळे ओढाताण झाली की पहिला बळी कथेचा जातो, आणि तो गेल्याचे पंधरा-पंधरा दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

खंडाचे नुकसान मात्र कथेतच सर्वांत मोठे असते. लेख किंवा परीक्षण टिपणांवरून पुन्हा उचलता येते. कादंबरीत टिपणात न मावणारे पुष्कळ असते: एखादे पात्र किती बोलते आणि कुठे गप्प होते, निवेदनाची पट्टी कोणती, मागच्या प्रकरणात कोणती गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. प्रस्तुत लेखिकेच्या एका कादंबरीचे मधले प्रकरण पावसाळ्याच्या तोंडाशी थांबले आणि गणपती होईपर्यंत तसेच पडून राहिले. वाफे त्या वर्षी उत्तम झाले. भेंडी, दोडके, पडवळ शेजारीपाजारी वाटावे लागले. कागदांकडे परतल्यावर मात्र कादंबरीतली आजी अनोळखी झाली होती. तिचे बोलणे पुन्हा कानात बसावे म्हणून आधीचा सगळा मजकूर मोठ्याने वाचून काढावा लागला, आणि ते प्रकरण अखेर पहिल्या ओळीपासून नव्याने लिहावे लागले. खंड जितक्या दिवसांचा, तितकेच दिवस तो भरून काढायला पुरतील हा हिशेब कथालेखनात चालत नाही.

खरा तंटा पहाटेचा असतो. उन्हाळ्यात झाडांना ऊन चढण्याआधी पाणी द्यावे लागते, घराची धावपळही त्याच सुमारास सुरू होते आणि लिहिणाऱ्याचे मन ताजे असते तेही तेव्हाच. येथे क्रम ठरवताना एक गोष्ट उपयोगी पडते: बागेचे बरेचसे काम दुसऱ्या वेळेला नेता येते. उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुळाशी दिलेले पाणी झाडांना चांगले मानवते. वाळलेल्या पाल्याचे दोन-तीन बोटे जाडीचे आच्छादन घातले की कुंडीतली ओल बराच काळ टिकते. आच्छादन कुंडीला करता येते. डबे, स्वयंपाक, आल्यागेल्याची विचारपूस यांनी भरलेल्या मनात पहाटेची एकाग्रता टिकवण्याची तशी सोय नाही. म्हणून उठल्यावर आधी लेखन, मग बाग. लिहिण्यापूर्वी नुसती नजर टाकायला म्हणूनही बागेत जाऊ नये. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा पिठ्या ढेकूण दिसतो, तो पुसायला फडके आणावे लागते, फडक्यामागून कडुनिंबाच्या अर्काची बाटली, आणि बाटली ठेवायला आत येईपर्यंत घर जागे झालेले असते. कीड तपासणे हे जाणीवपूर्वक करायचे काम आहे. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी पाने उलटी करून नीट पाहिली तर ते पुरते.

पहाटेच्या लेखनाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो सकाळी साडेपाचला लिहायला बसे आणि न्याहारीपूर्वीच लेखन आटोपून उठे. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द, असा त्याचा नेम त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. ही शब्दसंख्या सगळे सांगतात. त्याच आत्मचरित्रातल्या आणखी दोन गोष्टी घर सांभाळून लिहिणाऱ्यांच्या अधिक कामाच्या आहेत. पहिली, बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवसाचे लिखाण वाचण्यात घालवी आणि ते वाक्यांचा नाद कानाला लावून तपासत असे. दुसरी, त्याला रोज पहाटे उठवण्यासाठी एक नोकर होता आणि त्या कामाबद्दल तो त्याला वर्षाला 5 पौंड जास्त देत असे. म्हणजे त्या शिस्तीमागे दुसऱ्या माणसाचे श्रम होते. ससेक्समधल्या रॉडमेल गावी 1919 मध्ये घेतलेल्या घराच्या बागेत व्हर्जिनिया वुल्फ सकाळी लिहीत असे, तेव्हा ती बाग मुख्यतः तिच्या नवऱ्याच्या, लेनर्डच्या, देखरेखीखाली होती. ज्या घरात लेखन, स्वयंपाक आणि बाग एकाच व्यक्तीकडे आहेत, तेथे अशा लेखकांची शब्दसंख्या आपल्यावर लादून घेऊ नये. त्यांच्याकडून घ्यायचे ते मागचे वाचून मग पुढे लिहिणे. अर्धा तास नाही मिळाला, तर आदल्या दिवसाचे एक पान तरी वाचावे.

हात कामात आणि मन कथेत, असे किती जमते, हाही प्रश्न नेहमी येतो. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी जात्यावर आणि शेतात काम करता करता रचना केली. लिहिता येत नसल्याने ती इतरांनी कागदावर उतरवली, आणि तिचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये निघाले. हे उदाहरण स्फूर्ती देणारे आहे, पण ते ओवीचे आहे. ओवीला जात्याची लय धरून ठेवते. गद्य कथेचे वाक्य असे धरून राहत नाही. ते बसूनच घडवावे लागते. कामाच्या हातांनी कथेचा दुसरा भाग होतो, आणि तो थोडा नाही: पुढचा प्रसंग कोणाच्या नजरेने सांगायचा, एखादे पात्र घर का सोडते, शेवट फार लवकर येतो आहे का, हे प्रश्न खुरपताना, शेंगा सोलताना, कुंडीतली माती चाळताना पुष्कळदा सुटतात. ज्या कामात निर्णय घ्यावा लागत नाही त्याच कामात हे घडते. छाटणी करताना प्रत्येक फांदीला डोळा कोठे आहे ते पाहावे लागते, रोपे लावताना अंतर मोजावे लागते. तेव्हा कथा बाजूला ठेवलेली बरी. खुरपताना सुचलेले मात्र हात धुतल्याबरोबर दोन शब्दांत टिपून ठेवावे. ते संध्याकाळपर्यंत आठवेल असे समजून न टिपलेले प्रसंग बहुधा कायमचे जातात.

दिवसाच्या आखणीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्वाची, वर्षाची आखणी असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचे वर्ष दिवाळीभोवती फिरत आले आहे. अंकांसाठी मजकूर बहुधा पावसाळ्यातच मागितला जातो. त्याच महिन्यांत वाफे भरायचे असतात, वेलांना मांडव घालायचे असतात, तण पाहता पाहता वाढते, आणि श्रावणापासून घरात सणांची रांग लागते. या काळात नवी कथा सुरू करणे म्हणजे तिन्ही बाजूंनी अपुरे पडणे. उन्हाळाही वाटतो तितका मोकळा नसतो: बागेत फक्त पाणी घालायचे असले, तरी घरात पापड, कुरडया, लोणची आणि सुट्टीची पाहुणेमंडळी असतात. निवांत काळ दिवाळीनंतर येतो. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी उरकलेली असते. मेथी, पालक, मुळा कमी कष्टात येतात. मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या अखेरीपर्यंत थांबते. दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतच्या या महिन्यांत पुढच्या दिवाळीच्या कथेचा पहिला खर्डा पूर्ण व्हावा. उन्हाळ्यात तो मिटून ठेवावा आणि पावसाळ्यात फक्त पुनर्लेखन करावे, कारण पुनर्लेखन तुकड्यातुकड्यांनी करता येते. रोज बसणे बाराही महिने असावे. रोजची शब्दसंख्या मात्र ऋतूप्रमाणे बदलू द्यावी.

लिहिणाऱ्याच्या बागेत काय असावे, याचाही विचार हवा. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, जास्वंद, सोनचाफा ही झाडे एकदा रुजली की थोडे दुर्लक्ष सोसतात. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची रोपे तशी नाहीत: बी पेरल्यावर साधारण चार आठवड्यांनी ती हलवावीच लागतात, मग आधार, मग मावा. जीवामृत करायचे तर ते दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळावे लागते आणि आठवड्याभरात वापरून टाकावे लागते. ही कामे आनंदाची आहेत, पण कथेचा शेवट लिहायचा असेल त्या महिन्यात ती अंगावर घेऊ नयेत. रोपे त्या वेळी रोपवाटिकेतून तयार आणावीत किंवा तो हंगाम पालेभाज्यांवर काढावा.

घरातल्या माणसांशी बोलणे हा यातला सर्वांत अवघड भाग. बागकाम दिसते; मातीने माखलेले हात पाहून कोणी हाक मारायला बिचकते. लिहिणारी बाई मात्र रिकामी बसलेली दिसते, आणि विचार करत बसलेली तर अधिकच. म्हणून लेखनाची वेळ मनात ठेवून चालत नाही, ती घरात सांगावी लागते: या वेळात गॅस कोण पाहील, दार कोण उघडेल, सासूबाईंची गोळी कोण देईल, हे नावानिशी ठरवावे लागते. वेळ छोटी असली तरी चालते, पण ती ठरलेली असली तरच घर तिची सवय करून घेते. बागेची वाटणीही करता येते. मुलांना पाणी घालणे आवडते. त्यांच्याकडून एखादी कुंडी जास्त भिजली तर भिजू द्यावी. घरात आजारपण किंवा लग्नकार्य असेल तेव्हा लेखनाचा नेम सोडू नये, आखडता घ्यावा: शेवटचे पान वाचावे, एक वाक्य लिहावे आणि पुढे काय घडणार ते समासात टिपून वही मिटावी. त्या दिवसांत बागेला पाणी देण्याचे काम शेजाऱ्यांकडे सोपवता येते. त्याच्या बदल्यात त्यांना कढीपत्ता आणि फुले हक्काने तोडू द्यावीत.