गुलामगिरीचा अंत आणि आपला सातबारा

गुलामगिरी म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिका उभी राहते. तेथे १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने ती कायद्याने संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ लिहिला व गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, आपल्याच सातारा जिल्ह्यातले. पण आपल्या मुलखातली गुलामगिरी केव्हा संपली, हे सांगा म्हटले तर पुष्कळ पदवीधरही गप्प बसतील. मीही बसलो होतो.

पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री उघड होत असे आणि त्यांची मुलेही धन्याचीच मानली जात. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी बंद केली, परंतु कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला. येथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने गुलामावरील मालकीचा दावा कोर्टात चालेनासा झाला. मात्र गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरला नाही. सातारा तर तेव्हा संस्थान होते, ते १८४८ साली खालसा झाले. गुलामांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा ठरला तो पुढे, १८६२ पासून अंमलात आलेल्या पिनल कोडाने.

आणि ज्याला कोणी विकत घेतले नव्हते, तरी जो सुटू शकत नव्हता, त्याचे काय? महार वतन ही ती गोष्ट. थोडीशी इनाम जमीन आणि बलुते, त्या बदल्यात चावडीचे काम. टपाल पोचवा, वसुलाची रक्कम तालुक्याला न्या, साहेब आला की त्याच्यापुढे धावा. कामाला वेळ नाही, रात्र नाही. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. हे सर्व १८७४ च्या वतन कायद्याच्या आधाराने चाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात यासाठी विधेयक आणले. मागणी साधी होती: जमिनीवर पूर्ण सारा घ्या, पण या सक्तीतून माणूस मोकळा करा आणि सरकारी कामाला पगारी नोकर नेमा. सारा वाढवून द्यायला तयार असलेला खातेदार सरकारला क्वचितच भेटत असेल! तरीही विरोध झाला आणि १९२९ साली विधेयक मागे घ्यावे लागले. १९५० च्या संविधानात कलम २३ ने वेठबिगारीला बंदी आली. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा, अंमल १९५९ पासून. बाबासाहेब तो पाहायला नव्हते.

या कायद्यातील एक बाब सभासदांनी नीट समजून घ्यावी. जमीन आपोआप वतनदाराची झाली नाही. आधी ती सरकारजमा झाली. मग साऱ्याच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरणाऱ्याला ती परत मिळाली, तीही नव्या शर्तीने. पिढ्यान्‌पिढ्या राबून कसलेल्या जमिनीसाठी पुन्हा पैसे भरायचे! रक्कम थोडी होती, पण निरोप सर्वांपर्यंत पोचला नाही. ज्यांनी ती भरली नाही, ते स्वतःच्याच वावरात बेकायदा कब्जेदार ठरले.

बँकेत कर्जप्रकरणाचे कागद पाहताना असे उतारे माझ्या हाती आले आहेत. इतर हक्कांच्या रकान्यात नव्या शर्तीचा शेरा असला की प्रकरण अडते, आणि अर्जदाराला तो शेरा कशाचा हेच माहीत नसते. आपल्या घरचा सातबारा आणि जुने फेरफार एकदा तलाठ्याकडून काढून घ्या. तिप्पट साऱ्याची पावती आजोबांच्या पेटीत असेल तर ती जपून ठेवा, तिची झेरॉक्स मुलांच्या हाती द्या.